पार्किंगमधल्या पाण्यावर घातलेले साडेचार लाख : एका पावसाळ्यानंतरचा हिशोब

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीसारखं पाणी पुन्हा आलं, तर मी खाली ज्याचं कौतुक करणार आहे त्यातलं काहीही कामाला येणार नाही. त्या रात्री पुण्यात आंबील ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल या पट्ट्यात काय केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. आमची सोसायटी ओढ्यापासून तीन गल्ल्या आत, सहकारनगरच्या बाजूला. तरी पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. तो ओढ्याचा राग. त्याच्यावर सोसायटीनं वर्गणी काढून उपाय होत नसतो.

हा रिव्ह्यू रोजच्या दुखण्याचा आहे. दर पावसाळ्यात दोन-तीन वेळा पार्किंगमध्ये घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी, स्कूटर बंद, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, आणि दुसऱ्या दिवशी तो वास. त्यावर गेल्या उन्हाळ्यात एका छोट्या कंपनीकडून काम करून घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि त्यांची बाजू मांडायला ती मंडळी इथे नाहीत. कृपया नावासाठी मेसेज करू नका. कोणाकडूनही काम करून घ्या, पण काय विचारायचं ते यातून कळेल.

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होते. आयुष्यभर कालव्यांचे आणि सांडव्यांचे नकाशे काढले आणि स्वतःच्या घराखालचं पाणी मात्र बादलीनं उपसलं. सेक्रेटरींनी फाइल माझ्याकडे सरकवली ती याच टोमण्यासकट.

पहिलं काम म्हणून गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन फाटकापाशी उंची मोजली. इमारत १९९६ ची. तेव्हा पार्किंगची फरशी रस्त्यापेक्षा सहा इंच वर होती, हे मूळ नकाशात आहे. आज ती नऊ इंच खाली आहे. इमारत खचलेली नाही, रस्ता चढलाय. जुना थर खरवडून न काढता त्यावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर, मग सिमेंट. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक जुन्या इमारतीची हीच कथा. अशा सोसायटीत राहत असाल तर कोणत्याही कंपनीला बोलावण्याआधी ही एक उंची मोजा. नळी शंभर-दीडशे रुपयांना मिळते.

तीन कोटेशनं आली. आम्ही निवडलेल्या कंपनीचा इंजिनिअर मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि त्यानं क्लबरूमच्या भिंतीवर रॉटरडॅम दाखवलं. तिथे बेन्थेमप्लाइन नावाचा चौक आहे, २०१३ मध्ये झालेला. कोरड्या दिवशी मुलं खोलगट मैदानात बास्केटबॉल खेळतात, बाजूच्या पायऱ्यांवर लोक बसतात. पाऊस पडला की आजूबाजूच्या छपरांचं पाणी त्याच खोलगट भागांत साठतं, एकूण सतरा लाख लिटर. पुढे कोपनहेगनमधली बाग आली, चीनमधली ‘स्पंज सिटी’, म्हणजे पाऊस स्पंजासारखा शोषून धरणारं शहर, आली. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘‘बाळा, आमचा प्लॉट अकरा गुंठे.’’ मुलगा हसला आणि म्हणाला, ‘‘काका, तत्त्व तेच. पाणी गटारात पळवायचं नाही, थोडा वेळ बसवायचं.’’ पहिला गुण त्याला तिथे मिळाला.

दुसऱ्या कंपनीनं नुसतं चार शोषखड्ड्यांचं कोटेशन दिलं होतं, तेही प्लॉट न बघता. लोक इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची ४२० चौरस मीटर. तासाभरात ४० मिमी पडला तर गच्चीवरून १६,८०० लिटर खाली येतात. टँकर दहा हजारांचा, म्हणजे पावणेदोन टँकर, तासाभरात. (एप्रिलमध्ये हेच पाणी आम्ही विकत घेतो. असो.) शोषखड्डा हे पाणी पितो, पण लहान मूल दूध पितं तसं, आपल्या वेळेनं. तासाभराच्या जोरदार सरीपुढे एकटा शोषखड्डा म्हणजे नुसती सही. पाणी आधी कुठेतरी साठायला हवं आणि मग मुरायला हवं.

जोर मोजण्याचं माप ‘तासाला किती मिमी’ हेच. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांच्या आराखड्यानं, ५० धरायला सांगितले. पुढे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला. म्हणून कोटेशन देणाऱ्याला एकच विचारा : ‘‘तुमचं हे काम तासाला किती मिमीसाठी?’’ तीनपैकी दोघांना प्रश्नच कळला नाही. या मुलानं ‘‘गच्चीचं चाळीस मी सांभाळतो, त्यावरचं रस्त्यावर सोडावं लागेल’’ असं सरळ सांगितलं. दुसरा गुण.

आता कामाकडे. पार्किंगमध्ये येणारं पाणी एक नसतं, आमच्याकडे ते तीन ठिकाणांहून येत होतं. रस्त्याचं, फाटकातून. आमचं स्वतःचं, गच्ची आणि अंगणातलं. आणि ड्रेनेजचं, उलटं वर येणारं. आम्ही सगळे इतकी वर्षं पहिल्यालाच शिव्या देत होतो.

म्हणून सगळ्यात महाग वस्तू घेतली ती फाटकासाठी. अॅल्युमिनिअमच्या आडव्या फळ्या, खाली आणि मध्ये रबराची पट्टी, दोन्ही खांबांना खाचा. पाऊस आला की वॉचमनमामांनी फळ्या एकावर एक सरकवायच्या आणि वरून चाव्या आवळायच्या. किंमत बसवण्यासकट १,७८,०००. कोटेशन अडीच फूट उंचीचं होतं. मी रात्री कागद घेऊन बसले. अडीच फूट पाणी भिंतीला दर मीटर लांबीमागे साधारण २९० किलोंनी ढकलतं. आमची कंपाउंडची भिंत विटांची, जुनी, एका ठिकाणी कडुनिंबाच्या मुळानं वाकलेली. फाटक टिकेल आणि भिंत पडेल, तीही शेजारच्या बंगल्याच्या आउटहाउसवर नाहीतर आमच्याच मुलांवर. दीड फूट पाण्याचा दाब मीटरला शंभर किलो. उंची निम्म्याच्या थोडी वर राहिली की दाब जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो. मुलाला फोन केला. तो दोन सेकंद गप्प झाला आणि म्हणाला, ‘‘ताई, हे आम्ही बघायला हवं होतं.’’ फळ्या दीड फुटाच्या केल्या. त्यापेक्षा जास्त पाणी आलं तर ते आत येऊ द्यायचं, असा ठराव सर्वसाधारण सभेत लेखी केलाय. ‘पाणी आत येऊ द्यायचं’ यावर चाळीस मिनिटं वाद झाला. पुणं आहे.

फळ्या कमी केल्या तरी दर कमी झाला नाही, कारण ‘‘खांबांच्या खाचा त्याच’’. हे मला आजही पटलेलं नाही. शिवाय पहिली फळी आली ती बारा मिलिमीटर तोकडी. मोजायला आलेल्यानं गिलावा धरला नव्हता. बदलून दिली, पण त्यात सतरा दिवस गेले.

ते सतरा दिवस महागात पडले. काम एप्रिलअखेर सुरू झालं, दहा जूनला संपायचं होतं. २०२५ चा मे आठवतोय ना? मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबई-पुण्यात. आमच्या अंगणात तेव्हा दोन खड्डे उघडे, खडीचा ढीग, अर्धी फरशी उखडलेली. खड्ड्यांत चिखल भरला, खाली टाकलेली खडी मातीत गेली, आणि ती सगळी उपसून धुऊन पुन्हा भरायला लागली. कंपनीनं त्याचे वेगळे पैसे मागितले, आम्ही दिले नाहीत, शेवटी अर्ध्यावर तोडगा निघाला. पावसाळ्याच्या तोंडावर खणू नका. फेब्रुवारीत सुरू करा. हा सल्ला मला माझ्या खात्यानं एकतीस वर्षं दिला होता आणि मी सोसायटीच्या सभांची वाट बघत बसले.

सगळ्यात आवडलेली गोष्ट अंगणातली. मागच्या बाजूला मुलांची खेळायची जागा होती, नऊ बाय सात मीटर, सपाट, कोबा केलेली. ती एक फूट खाली नेली. दोन बाजूंना सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या, कडप्प्याच्या कडेच्या. गच्चीचे दोन पाइप इथे सोडले. पोटात १८,९०० लिटर मावतात, म्हणजे चाळीस मिमीची सर गच्चीवरून आली तरी काठाखाली राहते. बाहेर जायला तळाशी फक्त दोन इंची पाइप, मुद्दाम बारीक, म्हणजे पाणी सावकाश चार तासांत उतरतं आणि शोषखड्ड्यांकडे जातं. खड्ड्यांना जास्त झालं तर तिथून पुढे पावसाळी गटारात. डास होत नाहीत, कारण सकाळी फरशी कोरडी असते. संध्याकाळी पायऱ्यांवर आमचा कट्टा भरतो. आधी तिथे कोणी बसत नव्हतं, बसायला काही नव्हतंच. वास्तुविशारदाचं काम म्हणतात ते हेच असावं. १,२२,००० रुपयांत टाकी आली, मैदान आलं, कट्टा आला.

याला विरोध होईल असं वाटलं होतं. ‘अंगणात खड्डा’ म्हटल्यावर दोन कुटुंबं तयारच बसली होती. मुलानं होकायंत्र काढलं, कोपरा ईशान्येचा निघाला, आणि वास्तुशास्त्रात ईशान्येला उतार नि पाणी शुभ. ठराव एकमतानं मंजूर. मी दाबाचं गणित मांडायला वही आणली होती, ती उघडायलाच लागली नाही.

एक काळजी मात्र घ्या. फूटभर पाणी रांगत्या पोरासाठी पुरेसं असतं. आम्ही साखळी लावली आणि पाऊस सुरू झाला की वॉचमनमामा ती अडकवतात. कंपनीच्या आराखड्यात साखळी नव्हती, रेलिंगही नव्हतं. रॉटरडॅममध्ये चालत असेल.

शोषखड्ड्यांचं काम बरं, पण ते बरं झालं भांडून. या कंपनीच्या कोटेशनमध्येही चार खड्डे होते, चार कोपऱ्यांत चार, नकाशात छान दिसतात म्हणून. मी म्हटलं, आधी जमिनीला विचारा. दोन-दोन फुटांचे छोटे खड्डे खणले, पाणी भरून एकदा जिरवलं, पुन्हा भरलं, मग नातवाची पट्टी धरून मोजलं. पुढच्या बाजूला मुरूम, पाणी आठ मिनिटांत इंचभर उतरलं. मागच्या एका कोपऱ्यात कातळ, तासाभरात अर्धा इंचसुद्धा नाही. डेक्कनचा काळा दगड सगळीकडे सारखा नसतो, कुठे फटी असतात, कुठे ताशीव भिंत. चाराचे दोन केले, दोन्ही मुरुमात, ४६,००० रुपये. या चाचणीला काही खर्च येत नाही आणि एकाही कंपनीनं ती आपणहून सुचवली नाही. यासाठी अर्धा तारा कापते.

पुढच्या अंगणात पाणी मुरणारे पेव्हर बसवले, ८८,००० चे. इथे एक लबाडी सगळीकडे चालते ती सांगते. पेव्हर ब्लॉक वरून फटीफटींचा दिसतो, पण खाली जुना कोबा तसाच असेल तर पाणी मुरणार कुठे? आमच्याकडे ब्लॉक २०११ पासून होते आणि खाली चार इंच काँक्रीट. ते फोडून जाड खडी, त्यावर मध्यम, त्यावर बारीक कच असा थर केला, आणि फटींतही वाळूऐवजी कच भरली. पहिल्या दोन महिन्यांत मस्त चाललं. मग बुचाची फुलं नि गुलमोहराची बारीक पानं फटींत बसली, वर आमच्या झाडूवाल्या मावशींनी माती झाडून त्यांच्यावर शिक्कामोर्तब केलं. आता तिथे डबकं दिसायला लागलंय. वर्षातून एकदा प्रेशरच्या पाण्यानं फटी धुवाव्या लागतात, हे काम संपल्यावर सांगितलं, आधी नाही. पुन्हा विचाराल तर हा खर्च मी करणार नाही. त्याऐवजी फरशी काढून तिथे माती नि झाडं ठेवली असती. पण मग गाड्या कुठे लावायच्या, हा प्रश्न मलाच विचारला असता.

आता ते तिसरं पाणी. काम चालू असताना मुलानं गच्चीच्या पाइपात हळदीचं पाणी ओतलं. केमिकलचा रंग त्याच्याकडे होता, पण आमच्या ज्येष्ठ मंडळींनी हळदच हवी म्हटलं. थोड्या वेळात पिवळं पाणी पावसाळी गटाराच्या जाळीत दिसायला हवं होतं. ते दिसलं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. १९९६ साली कोणीतरी खोदाई वाचवायला गच्चीचे दोन्ही पाइप थेट मैल्याच्या लाइनला जोडून टाकले होते. एकोणतीस वर्षं आमच्याच गच्चीचं पाणी आमच्याच चेंबरमध्ये घुसत होतं, तिथे मावत नव्हतं, आणि झाकण उचलून पार्किंगमध्ये येत होतं. तो वास रस्त्याचा नव्हता, आमचाच होता. आम्ही मात्र नगरसेवकांना पत्रं लिहीत होतो. त्यातलं एक मीच लिहिलंय, चांगलं दोन पानी.

दोन्ही पाइप तोडून अंगणात वळवले आणि रस्त्याच्या ड्रेनेजकडे जाणाऱ्या सहा इंची लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. बाहेरची लाइन तुंबली की आतली झडप मिटते आणि पाणी उलटं येत नाही. दोन्हींचे मिळून २७,५००. एकूण बिल ४,६१,५००, त्यात हे शेकडा सहासुद्धा नाही. आणि पार्किंग कोरडं राहण्यात, माझ्या अंदाजानं, निम्म्याहून जास्त वाटा याचाच.

कशावरून म्हणते? माझा पर्जन्यमापक गच्चीवर आहे. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी तासाभरात त्यात चाळीसच्या वर पाणी आलं. वॉचमनमामा जेवायला गेले होते, त्यामुळे फाटकाच्या फळ्या लावल्याच गेल्या नाहीत. रस्त्यावरून थोडं पाणी उतारानं आत आलं, फाटकाजवळ बोटभर, बस. चेंबरचं झाकण जागचं हललं नाही. खेळाची जागा पहिल्या पायरीच्या वरपर्यंत भरली आणि रात्री दहाला रिकामी झाली. आदल्या वर्षी अशाच सरीत माझी चप्पल लिफ्टपाशी तरंगत होती.

व्हॉल्व्हचं एक पथ्य आहे. झडप मिटलेली असताना आतलं सांडपाणीही बाहेर जात नाही. त्या तासात सगळ्यांनी अंघोळी नि वॉशिंग मशिन सुरू ठेवली तर तळमजल्याच्या बाथरूममधून वर येणार. आम्ही व्हॉट्सअॅपवर ‘झडप बंद, पाणी जपून’ असा निरोप टाकतो. तळमजल्यावरच्या आजी तेवढ्यावर थांबत नाहीत, जिन्यात उभ्या राहून ओरडतात. ग्रुपपेक्षा तेच जास्त लागू पडतं. शिवाय झडपेत कपडा, नॅपकिन काही अडकलं तर ती मिटतच नाही. दर महिन्याला झाकण उघडून हात घालणारा माणूस ठरवून ठेवा.

फळ्यांचं फाटकही वाया नाही, अन्याय नको. जुलैत एकदा रस्ता खरोखर वाहत होता तेव्हा त्यांनी फूटभर पाणी बाहेर ठेवलं. लावायला मामांना पहिल्या वेळी पंचवीस मिनिटं लागली, आता सात-आठ. पण फळ्या लावल्या की आतलं पाणी बाहेर जायचा रस्ताही बंद होतो, म्हणून आत पंप लागतोच, आणि पाऊस जोरात आला की पहिली जाते ती वीज. पंप इन्व्हर्टरवर घ्या. आमचा नव्हता, आता घेतलाय, त्याचा खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही.

पैशांचं सांगायचं तर घरटी एकोणीस हजार दोनशेच्या आसपास वर्गणी पडली, चोवीस फ्लॅट. पावसाचं पाणी जिरवण्याची सोय असेल तर महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते, सोबत सौर किंवा गांडूळखत असेल तर दहा. अर्ज केलाय. कंपनीनं कागदपत्रं चांगली दिली, मोजमापं, फोटो, पाइपांचा नकाशा, सगळं एका फाइलमध्ये. नकाशा तर इतका स्वच्छ की आरेखक म्हणून मी त्याला दाद दिली. या बाबतीत पाचपैकी पाच.

माणसं नम्र, फोन उचलतात, चूक दाखवली तर मानतात. वेळ पाळत नाहीत. देखभालीचं आधी बोलत नाहीत. महाग वस्तू आधी दाखवतात आणि स्वस्त वस्तू तुम्ही विचारलीत तर. एकूण साडेतीन तारे, त्यातले दोन एकट्या त्या हळदीच्या पाण्याचे.

परवा फळ्या झाकायला ठेवलेलं कापड काढलं तर खालच्या दोन फळ्यांची रबरी पट्टी उंदरांनी कुरतडलेली. नव्या पट्टीचे ४,२०० सांगितलेत. मी वॉरंटीचा कागद काढला, त्यात दोन वर्षं लिहिलीत. मुलगा म्हणाला, ‘‘ताई, वॉरंटीत उंदीर बसत नाहीत.’’ मी म्हटलं, तसं लिहिलेलं दाखव. शनिवारी येतोय.